मोरी तुंबली, घर भाड्याचं: पंप, पावडर, स्प्रिंग की सोसायटी?

पाणी तुंबलं की हात आधी पावडरच्या पुडीकडे जातो. भाड्याच्या घरात तो सगळ्यात शेवटी जायला हवा. त्याआधी एकच गोष्ट शोधा: अडथळा तुमच्या घरातल्या पाइपात आहे की इमारतीच्या लाइनमध्ये? कोणतं हत्यार लागणार आणि खर्च कोणाकडे जाणार, हे दोन्ही त्यावरच ठरतं.

घरातले सगळे नळ बंद करा आणि पाच मिनिटं जाळीकडे लक्ष ठेवा. एकच सिंक किंवा एकच जाळी तुंबली असेल, बाकी सगळं वाहत असेल, तर अडथळा जवळच, घरातच आहे. बेसिनचं पाणी सोडल्यावर बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे येत असतील तर तो दोघांच्या सामायिक पाइपात, थोडा पुढे आहे. आणि तुमचे नळ बंद असूनही पाणी वर चढत असेल, तर ते वरच्या मजल्यांचं पाणी आहे. खालून उभा पाइप बंद झालाय आणि सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे बहुधा तळमजल्याच्या किंवा पहिल्या मजल्याच्या जाळीतून, ते बाहेर येतंय.

घरातल्या अडथळ्यासाठी पंप, म्हणजे काठीला लावलेली रबरी वाटी, सगळ्यात सुरक्षित. पण तो अनेकदा चुकीचा वापरला जातो. रबर बुडेल इतकं पाणी हवं. बेसिनचं वरचं ओव्हरफ्लोचं भोक आणि जोडसिंक असेल तर दुसरं तोंड ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. १५-२० वेळा दाबा-ओढा. काम ढकलण्यापेक्षा ओढण्याने जास्त होतं.

बाथरूमच्या जाळीला तर बऱ्याचदा पंपही लागत नाही. जाळी उचला. जुन्या न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात, एक उलटी वाटी असते. ती काढलीत की तिच्या काठाला साबणाच्या पांढऱ्या थराने चिकटलेला केसांचा गुंता हाताला लागेल. हातमोजे घालून तो काढा, वाटी घासा आणि परत बसवा. पाणी झटकन जावं म्हणून ही वाटी कायमची काढून ठेवू नका. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि तेच गटाराचा वास नि झुरळं अडवतं. या ट्रॅपमध्ये वाटी नसली तर पाण्याचा तो अडसरच नाहीसा होतो.

सिंकखालचा घड्यांचा लवचीक पाइप वेगळं प्रकरण आहे. तूप, चहाचा चोथा आणि डोशाचं पीठ त्या घड्यांत थरावर थर बसतं. खाली बादली ठेवा, हाताने नट सैल करा, पाइप काढून बाथरूममध्ये धुवा. वॉशर परत नीट बसला नाही तर कपाटात थेंब थेंब गळतं, म्हणून शेवटी नटभोवती कोरडा कागद फिरवून बघा.

आता पावडर. तिच्यात मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचा साबण करतो आणि केसही विरघळवतो, म्हणून पाणी हळू जात असेल तेव्हा ती उपयोगी पडते. पण पूर्ण बंद पाइपात ती पुढे सरकतच नाही. तिथेच तापते, पीव्हीसी पाइप मऊ पडू शकतो, कधी गोळा होऊन दगडासारखी घट्ट बसते. शिवाय नंतर स्प्रिंग, म्हणजे पाइपात फिरवत घालायची लांब लवचीक तार, घालणाऱ्याच्या डोळ्यांत तेच पाणी उडतं. पावडर टाकली असेल तर प्लंबरला आधी सांगा. तिच्यावर ॲसिड कधीही ओतू नका, आणि ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच मिसळू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

पंपाने काम झालं नाही तर पावडरपेक्षा स्प्रिंग बरी. सिंकसाठी हाताने फिरवायची तीन मीटरची पुरते. बॉटल ट्रॅप (सिंकखालचं बाटलीसारखं भांडं) खोलून भिंतीतल्या पाइपात थेट घाला, फिरवत पुढे सरकवा, अडली की जोर न लावता मागे घेऊन पुन्हा फिरवा. कमोडमध्ये मात्र ती घालू नका, चिनी मातीवर ओरखडे पडतात.

उभ्या पाइपाचा अडथळा असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. वॉचमन किंवा सेक्रेटरीमार्फत वरच्या मजल्यांना पाणी थांबवायला सांगा. मग तुमच्या लाइनच्या चेंबरचं झाकण उघडून घ्या. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे आहे; रिकामं असेल तर उभ्या पाइपात किंवा चेंबरपर्यंतच्या तुकड्यात. काम बांबू किंवा मशिनने वरूनच व्हायला हवं. चेंबरमध्ये माणूस उतरवू देऊ नका. गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आतल्या वायूने क्षणात माणूस कोसळतो.

पैशांचा प्रश्न इथे सुटतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामायिक ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीच्या खर्चात येते, तर सदनिकेतल्या सिंक-टॉयलेटची गळती सदस्याच्या, म्हणजे तुमच्या मालकांच्या. किरकोळ सफाई करारात बहुधा तुमच्यावर असते, म्हणून तो आधी वाचा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करून घ्यायची आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करायची सोय आहे. पण ती भाडेकरूला आहे. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे घर फक्त वापरायच्या परवानगीच्या करारावर, राहणाऱ्याने तिच्या भरवशावर भाडं कापू नये. त्याच्यासाठी कराराची अटच मोठी.

पाणी घरात पसरलं असेल तर ओल्या जमिनीवर पाय ठेवण्याआधी मेन स्विच बंद, तोही कोरड्या जागी उभं राहून. पुसण्याआधी व्हिडिओ: जाळी, पाण्याची पातळी, भिजलेलं सामान. गटाराच्या पाण्यात भिजलेली गादी वाचवायचा प्रयत्न करू नका. फरशी आधी साबणाने धुवा, मग दहा लिटर पाण्यात साधारण २०० मिलिलिटर घरगुती ब्लीच घालून पुसा, खिडक्या उघड्या ठेवा. कपाटं भिंतीपासून सरकवा आणि पंखे दोन दिवस चालू ठेवा, कारण २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. भिजलेलं प्लाय वाळून बऱ्याचदा सावरतं. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) एकदा फुगलं की गेलंच.

मालकांना त्याच तासात लिहा, फोनवर बोलणं झालं असलं तरी: «काका, नमस्कार. आज सकाळी ७:४० ला नळ बंद असताना बाथरूमच्या जाळीतून पाणी वर आलं. व्हिडिओ पाठवतोय. सेक्रेटरींना कळवलंय. प्लंबर फरशी फोडायची म्हणतोय. तुम्ही हो म्हटल्याशिवाय फोडू देणार नाही.» हे शेवटचं वाक्य खरंच पाळा. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की खालच्या घराचं छत गळू लागतं. प्लंबरला आधी विचारा, बेंडवर, म्हणजे पाइपाच्या वळणावर, सफाईचं झाकण आहे का? असेल तर ते उघडूनच बरंच काम होतं.