कायम निधी की प्रकल्प अनुदान?

स्वयंसेवी संस्थांवर संशोधन करणाऱ्या, त्यांचे कार्यकर्ते घडवणाऱ्या मुंबईतल्या विद्यापीठ विभागाला पैसे द्यायचे असतील, तर आधी पैसा कोणाचा ते पाहा. कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चातला असेल तर निवड उरतच नाही. जानेवारी 2021 पासून कायम निधीला (मुद्दल जपून फक्त व्याज वापरायचं, अशा ठेवीला) दिलेली रक्कम सीएसआर खर्चात धरत नाहीत. प्रकल्पच घ्यावा लागतो.

ट्रस्टला किंवा व्यक्तीला दोन्ही वाटा मोकळ्या. पण कायम निधीचं गणित कागदावर मांडून बघा. 1 कोटीवर 7 टक्के व्याज म्हणजे वर्षाला 7 लाख. महागाईपोटी 2 लाख मुद्दलात परत टाकले की उरले 5. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दराने कनिष्ठ संशोधकाला महिना 37,000, म्हणजे वर्षाला 4.44 लाख, मुंबईचा घरभाडे भत्ता वेगळा. कोटीभरात धड एक माणूस बसत नाही! शिवाय 'ही रक्कम कायम निधीसाठी' असं दात्याचं लेखी पत्र हवंच, नाहीतर ती चालू उत्पन्नात धरली जाते.

तोच कोटी 3 वर्षांच्या प्रकल्पात घातला तर दोन संशोधक, सर्वेक्षण आणि एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम सहज उभा राहतो. घोळ होतो तो वेळेचा. जाहिरात, मुलाखती, मंजुरी यांत पहिले काही महिने जातात. पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र रखडलं की पुढचा हप्ता अडतो. म्हणून करारात मुदत पहिल्या नेमणुकीपासून मोजा आणि जादा पैसे न देता 6 महिन्यांच्या मुदतवाढीची सोय ठेवा.