भिजलेली पुस्तकं: पंख्याखाली की डीप फ्रीझरमध्ये?

गोव्यातल्या कॉलेज-विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाणी बहुधा वरून येतं. गच्चीचा पाइप तुंबतो, स्लॅब झिरपतो, नाहीतर एसी रात्रभर कपाटावर ठिबकतो. शनिवारी रात्री हे झालं तर सोमवारी कुलूप उघडेपर्यंत निम्मी लढाई हरलेली असते, कारण ओल्या कागदावर बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. मग ठरवायचं एवढंच: पुस्तकं वाळवायची की गोठवायची?

वाळवण्याला पैसा कमी, माणसं फार. पुस्तक उभं करून पानं अलगद मोकळी करायची, मध्ये कोरा न्यूजप्रिंट घालायचा आणि तो ओला झाला की बदलत राहायचं. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई पानावर उतरते. शंभरेक पुस्तकांना अख्खी वाचनखोली लागते. शिवाय जुलैत खिडक्या उघडून उपयोग नाही, बाहेरची हवाच ओली. खिडक्या बंद, पंखे सुरू आणि हवेतली ओल शोषणारा डिह्युमिडिफायर असेल तरच हा मार्ग धरा. चित्रांच्या गुळगुळीत आर्ट पेपरला मात्र तोही चालत नाही. ती पानं एकमेकांना चिकटून वाळली की सुटतच नाहीत.

गोठवल्याने पुस्तक वाळत नाही, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. बुरशी थांबते, पानं चिकटायची थांबतात, तुम्हाला सवड मिळते. पुढे थोडी थोडी पुस्तकं बाहेर काढून वाळवायची असतातच. निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ करून पुस्तकं सुकवता येतात, पण ती सोय हाताशी आहे असं धरून चालू नका.

दोन्ही मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरले गेलेत. १९८८ मध्ये लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीचं ग्रंथालय जळालं. आग विझवण्याच्या पाण्याने लाखो पुस्तकं भिजली, तेव्हा शहरातल्या लोकांनी ती घरी नेऊन वाळवली. फेब्रुवारीतली कोरडी, तापवलेली घरं होती म्हणून जमलं. आपल्या श्रावणात जमणार नाही. जुलै १९९७ मध्ये कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या तळघरात पूर शिरला आणि सुमारे पाच लाख खंड भिजले. तिथे गोठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

माझं मत: चाळीस-पन्नास साधी पुस्तकं असतील तर वाळवा. त्याहून जास्त असतील किंवा आर्ट पेपर असेल तर वेळ न घालवता गोठवा. काचेच्या निगेटिव्ह आणि ध्वनिफिती मात्र कधीच गोठवू नका.

स्वतःचा डीप फ्रीझर घेण्याच्या मी विरोधात आहे. पावसात वीज जाणारच, आणि जनरेटर नसेल तर बर्फ वितळून सगळं पुन्हा ओलं. त्यापेक्षा मासळीच्या शीतगृहाशी बोला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ऐन आपल्या गरजेच्या दिवसांत तिथे जागा मिळण्याची शक्यता जास्त. पावसाळ्याआधीच्या पुरुमेताच्या बेगमीसारखं हे मे महिन्यातच उरकावं: भाडं, रात्री फोन उचलणाऱ्याचा नंबर आणि आमच्या पेट्या मासळीपासून वेगळ्या राहतील ही अट, सगळं लेखी. नाहीतर संदर्भग्रंथांना बांगड्याचा वास. पेट्या प्लास्टिकच्या आणि नव्या घ्या. प्रत्येक पुस्तक बटर पेपरात गुंडाळून कणा खाली करून एकाच थरात ठेवा आणि आतल्या दाखल क्रमांकांची यादी पेन्सिलीने लिहून पेटीला बांधा. शाईपेनची शाई ओलीत फुटते.