ठरवून करायचं ऑपरेशन: सरकारी नंबर की योजनेतलं खासगी रुग्णालय?

छातीत कळ आली असेल तर जवळचं रुग्णालय गाठा. ही तुलना मूतखडा, हृदयाची झडप, बायपास अशा ठरवून करायच्या ऑपरेशनची. राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना कुटुंबाला योजनेतल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांत वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देते आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं, त्यामुळे निवड बहुतेकांपुढे आहेच.

मोठ्या सरकारी रुग्णालयात हात पक्के असतात. मधुमेह, किडनी असं दोन-तीन विभागांचं दुखणं असेल तर तिथेच राहिलेलं बरं, असं मला वाटतं. अडचण एकच, पण जीव खाणारी: दिलेली तारीख पक्की नसते. तुमच्या डॉक्टरांच्या युनिटचा ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, दिवस आठवड्यातून एखाद-दुसरा. यादीत नाव पाचवं, रात्रीपासून पोटात काही नाही. सकाळी अपघाताची केस येते आणि टेबल तिला जातं. दुपारी सिस्टर म्हणतात, ‘यांना चहा-बिस्किट द्या.’ म्हणजे आज होत नाही! सर्जन असतात; आयसीयूची खाट किंवा भूलतज्ज्ञ मोकळे नसतात. तारखा अशाच पुढे गेल्या की फिटनेसचे रिपोर्ट जुने होतात, रक्त पुन्हा काढावं लागतं.

खासगीतही थांबावं लागतं, पण ते कागदांसाठी. आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयातला योजनेचा मदतनीस, मंजुरीसाठी फाइल ऑनलाइन चढवतो आणि ‘क्वेरी’, म्हणजे त्रुटीची शंका, येते: आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, सुनेचं नाव कार्डात चढवलेलंच नाही, अँजिओग्राफीची सीडी जोडायची राहिली. यातलं बरंचसं घरबसल्या आधीच दुरुस्त होतं. जाण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. रुग्णालय योजनेत असलं तरी तुमची स्पेशालिटी आहे का? आणि ते ऑपरेशन सरकारी रुग्णालयांसाठी राखीव तर नाही ना? ‘योजनेची खाट नाही’ हे उत्तरही ऐकावं लागतं, कारण योजनेने ठरवलेले पॅकेजचे दर काही रुग्णालयांना परवडत नाहीत. मंजुरीनंतर वर पैसे मागितले तर पावती मागा आणि 155388 ला फोन करा.

सरकारीत राहिलात तरी योजनेतूनच दाखल व्हा; नाहीतर इम्प्लांट (शरीरात बसवायचा भाग) बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडू शकते.

दुखणं एकच आणि कागद जुळलेले असतील, तर माझं झुकतं माप खासगीला. सरकारी केसपेपर मात्र जपून ठेवा. क्वेरी अडकलीच, तर निदान तिथला नंबर लागलेला असतो.