बाराखडी की अक्षरगट? वाचनात मागे राहिलेल्या मुलासाठी निवड करताना

दुसरीत येऊनही वाचता न येणाऱ्या मुलाला घेऊन रोज अर्धा तास बसायचे ठरवले, की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न समोर उभा राहतो. मुळाक्षरे आणि बाराखडी पुन्हा मुळापासून पक्की करून घ्यावीत, की मोजकीच पाच-सहा अक्षरे व एखादे स्वरचिन्ह घेऊन त्यांतून बनणारे शब्द लगेच वाचायला द्यावेत? या दुसऱ्या रीतीला शिक्षकांमध्ये अक्षरगट पद्धत म्हणतात. मी दोन्ही रीतींनी शिकवले आहे; पहिल्या रीतीने बरीच वर्षे आणि दुसऱ्या रीतीने त्यानंतर. खाली लिहिले आहे ते या अनुभवावर बेतलेले आहे, त्यामागे काटेकोर मोजमाप नाही, हे आधीच सांगतो.

बाराखडीची बाजू दुबळी नाही. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. क-वर्ग कंठात, प-वर्ग ओठांवर, आणि प्रत्येक वर्गाच्या शेवटी त्याचे अनुनासिक. इतकी शिस्तबद्ध मांडणी फार थोड्या लिप्यांच्या वाट्याला आली आहे. शिवाय तिला तयारी लागत नाही. भिंतीवर एक तक्ता टांगला की आजीसुद्धा शिकवू शकते, कारण तीही तशीच शिकलेली असते. पुढे शब्दकोशात शब्द शोधताना हाच क्रम उपयोगी पडतो. जे मूल फार अडलेले नाही, नुसते आजारपणामुळे किंवा शाळा बदलल्यामुळे मागे पडले आहे, ते बाराखडीनेही वाचायला लागते. आपणही तसेच शिकलो, असे पालक म्हणतात तेव्हा ते खरेच असते; फक्त जे तसे शिकू शकले नाहीत, ते हे वाक्य म्हणायला समोर नसतात.

माझे मन बदलले ते एका मुलामुळे आणि ‘पेरू’ या शब्दामुळे. त्या मुलाला बाराखडी तोंडपाठ होती. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की’ असे तो न अडखळता, चालीत म्हणत असे, आणि त्याच्या आईचा समज होता की अक्षरे तर येतात, मग वाचत का नाही? मी पाटीवर ‘पेरू’ लिहिले. त्याने बोट ‘पे’वर ठेवले आणि त्याचे ओठ हलू लागले. कान जवळ नेला तेव्हा ऐकू आले: प, पा, पि, पी, पु, पू, पे. ‘पे’ सापडल्यावर बोट पुढच्या अक्षरावर गेले. र, रा, रि, री, रु, रू. इथे तो थांबला, कारण इतर अक्षरांना उकार खाली लागतो आणि ‘र’ला तो कुशीत लागतो; त्याला ते चिन्ह ओळखीचे वाटेना. शेवटी ‘रू’ सापडला, तोवर ‘पे’ विसरला होता. तो पुन्हा ‘प’पासून सुरू झाला.

दोन अक्षरांच्या शब्दासाठी १३ उच्चार, तेही वाट चुकली नाही तर. या रीतीने कोणी एक वाक्य तरी कसे वाचेल? त्या मुलाला अक्षर ‘दिसत’ नव्हते. त्याला त्या अक्षराचा रांगेतला क्रमांक ठाऊक होता. मुलाला आठवड्याचे वार येतात, पण ‘गुरुवार’ म्हणण्यासाठी सोमवारपासून मोजावे लागते, तसेच हे. मी त्याला रांगेतून बाहेर काढायचा प्रयत्न केला, तक्त्यावरची अक्षरे उलटसुलट विचारली, चाल बंद केली. काही आठवडे गेले, पण घाईत किंवा घाबरल्यावर ओठ पुन्हा हलायचेच. नंतर मी इतर मुलांकडे नीट पाहू लागलो आणि हीच खोड अनेकांत दिसली. मुलांना वाचन आणि गणित कितपत येते हे पाहणाऱ्या, ग्रामीण भारतात २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या चाचणीत मुलाला पाच अक्षरे वाचायला सांगतात आणि चार बरोबर आली तरच अक्षरे येतात असे धरतात. ती अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने नसतात, याचे कारण मला त्या दिवशी नीट कळले.

दुसरी अडचण आकाराची आहे. ‘ळ’ धरून ३४ व्यंजने, प्रत्येकाची १२ रूपे, म्हणजे ४०८ आकार. हे सगळे पक्के झाल्यावरच शब्द, असा नियम केला तर अडलेल्या मुलाला वाचनाची चव लागायला वर्ष जाते. त्यात ‘ङ’ आणि ‘ञ’ ही अक्षरे पहिल्या दिवसांत येतात, जी त्याला कुठल्याच गोष्टीच्या पुस्तकात भेटणार नाहीत. ‘भ’ आणि ‘म’ तर शेजारीशेजारी येतात, आणि त्यांतच अशी मुले हटकून गोंधळतात.

अक्षरगटात हा क्रम मोडलेला असतो. माझा पहिला गट क, म, न, ल, र आणि आ असा असतो, सोबत फक्त काना. दिसायला किंवा ऐकायला सारखी अक्षरे एका गटात येऊ द्यायची नाहीत. काना मी वेगळ्या कार्डावर ठेवतो. ‘मन’ मांडायचे, काना मधे सरकवला की ‘मान’. ‘कमल’मध्ये सरकवला की ‘कमाल’. मूल स्वतः कार्ड हलवते, आणि काना हा कोणत्याही अक्षराला लावता येणारा तुकडा आहे हे त्याच्या हाताला कळते. बाराखडीत ‘का’ आणि ‘मा’ यांचे नाते चालीत असते, पण ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. तीन-चार दिवसांत ‘मामा आला’ हे वाक्य वाचून होते. वाक्य साधे असले तरी दोन वर्षे ‘याला वाचता येत नाही’ असे ऐकत आलेल्या मुलाचा चेहरा ते वाचून झाल्यावर पाहण्यासारखा असतो. दुसऱ्या गटात दीर्घ वेलांटी घेतो. ऱ्हस्व वेलांटी मुद्दाम उशिरा, कारण ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या बोटाला ती फसवते.

उणिवा इथेही आहेत, आणि त्या लपवणे बरे नव्हे. सगळी तयारी शिकवणाऱ्याला करावी लागते. कार्डे कापणे आणि फक्त शिकवलेल्याच अक्षरांतून वाक्ये जुळवणे यांत संध्याकाळ जाते, आणि ती वाक्ये कधीकधी इतकी कृत्रिम होतात की मूलच हसते. वर्गात तक्त्याचा क्रम आणि घरी गटाचा क्रम असला तर मूल काही दिवस बावरते. ‘महिना झाला तरी क-ख-ग-घ येत नाही’ ही पालकांची तक्रारही ऐकून घ्यावी लागते. आणि हेही मान्य करायला हवे की अक्षरगटाने ज्या मुलांना फायदा झाला असे मला वाटते, त्यांना माझा अर्धा तासही मिळत होता. नेमके कशामुळे काय झाले, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

काही जण तिसराच मार्ग सुचवतात: चित्रांचे पुस्तक हाती द्यावे, शब्द संदर्भाने ओळखू द्यावेत. अडलेल्या मुलासाठी मला तो धोक्याचा वाटतो, कारण ते चित्रातले जनावर पाहून ‘बोका’ला सरळ ‘मांजर’ म्हणते आणि मोठ्यांना वाटते की वाचले. इंग्लंडमध्ये २०१२ पासून लहान मुलांची जी ध्वनिवाचनाची चाचणी घेतात, तिच्या ४० शब्दांपैकी २० शब्द अर्थहीन असतात, ते याचसाठी. मीही अधूनमधून ‘नामाल’, ‘करमा’ असे काही लिहून पाहतो. अंदाज तिथे चालत नाही. मात्र ती पुस्तके कपाटात ठेवू नयेत. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचन म्हणजे अक्षरे उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार असल्याचे मांडले, आणि गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच येते. म्हणून पद्धत कोणतीही घेतली तरी रोज एक गोष्ट आपण मोठ्याने वाचून दाखवावी.

तेव्हा निवड कशी करावी? मूल सहाच वर्षांचे असेल, शाळेत बाराखडी नीट चालू असेल आणि आपल्याला तयारीला वेळ नसेल, तर तीच चालू ठेवणे शहाणपणाचे ठरू शकेल. फक्त तक्त्यावरची अक्षरे दररोज क्रम मोडून विचारावीत आणि चाल लावू देऊ नये. पण मूल दोनदा बाराखडीतून जाऊनही अडलेले असेल, तर तिसऱ्यांदा तीच देण्यात मला अर्थ दिसत नाही. कळायला सोपी खूण आहे: त्याला ‘पेरू’ वाचायला द्या आणि ओठांकडे पाहा. दोन-तीन महिने रोज बसूनही काहीच हलले नाही, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत, आणि मग या विषयातील तज्ज्ञाला दाखवावे.

बाराखडी मी टाकून दिलेली नाही. मूल छोटा परिच्छेद वाचू लागले की तक्ता बाहेर काढतो, आणि तेव्हा ती त्याला एका दुपारीत समजते. ‘पेरू’वाल्या मुलाने तो पाहून विचारले होते की ‘र’चाच उकार असा मधे का. मला उत्तर येत नव्हते.