लिनक्सवर जुने गेम सेव्ह: हाताने शोधायचे की लुडुसावी?

भांडुपच्या मावसभावाने जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून ठेवलीय, त्यातले सेव्ह, म्हणजे गेममधली प्रगती साठवणाऱ्या फाइल्स, नव्या मशीनवर हवेत, आणि हाताने कॉपी करू की लुडुसावी (गेम सेव्हचा बॅकअप घेणारं ॲप) टाकू यावर त्याचं अडलंय. पैसे दोन्हीकडे शून्य.

मेहनत म्हणशील तर हाताने जास्त, कारण प्रोटॉनवर (स्टीम या गेम स्टोअरची लिनक्सवर विंडोज गेम चालवायची सोय) चालणाऱ्या गेमचे सेव्ह स्टीमच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरमध्ये गेमच्या नंबरखाली दडलेले असतात, जसा विचर ३ या गेमचा २९२०३०, मग त्यात पीएफएक्स, ड्राइव्ह सी, युजर्स, स्टीमयुजर असं खोल जायचं. लुडुसावी पीसीगेमिंगविकी या पीसी गेमच्या माहितीच्या साइटवरून जागा स्वतः शोधतं, फक्त जुन्या डिस्कवरचं स्टीम फोल्डर रूट (शोधायची मूळ जागा) म्हणून जोड.

रिस्टोअरला, म्हणजे सेव्ह परत टाकायला, मात्र हाताने केलेलं बरं वाटतं, काय कुठे गेलं ते डोळ्यासमोर असतं. लुडुसावी मूळ पाथवरच परत टाकतं, म्हणून युजरनेम किंवा डिस्क बदलली असेल तर रीडायरेक्ट (जुन्या पाथऐवजी नवा पाथ सांगणारी सेटिंग) लावावाच लागतो, हे विसरू नको रे. आणि काहीही कर, आधी त्या गेमचं स्टीम क्लाउड (सेव्ह ऑनलाइन ठेवायची सोय) बंद कर, नाहीतर तू आणलेल्या जुन्या सेव्हवर क्लाउडमधला नवा बसेल.

एक-दोन गेम असतील तर हाताने कर. लायब्ररी मोठी असेल, पुढे नियमित बॅकअपही हवा असेल तर लुडुसावीच घे.