आठ महिने पासवर्ड मॅनेजर आणि सुरक्षा चावी वापरल्यानंतर : सांगलीतल्या हळदीच्या दुकानातून

गेल्या श्रावणात नाशिकच्या एका जुन्या ग्राहकबाईंचा फोन आला. "ताई, गूगलवर तुमची हळद शोधली तर जुगाराची साइट उघडतेय." मी लगेच लॅपटॉपवर पत्ता टाकून आमची साइट उघडली. सगळं जागच्या जागी होतं. तुमच्या फोनमध्येच काहीतरी असेल, असं मी त्यांना सांगून टाकलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण रोग आमच्याच साइटला होता. घुसवलेला कोड गूगलमधून, मोबाइलवर येणाऱ्यांनाच दुसरीकडे पळवत होता. थेट पत्ता टाकून येणाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा साइटच्या मालकाला, तो काहीच कळू देत नव्हता.

गणपती पेठेत आमचं हळद-बेदाण्याचं दुकान आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरगावची विचारणा वाढली, तेव्हा आम्ही वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार प्रणालीवर, साइट करून घेतली. ज्यानं करून दिली त्यानं विकतची थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, कुठूनतरी फुकट मिळवून घातली होती. अशा फोडलेल्या थीममध्ये चोरवाट आधीच ठेवलेली असू शकते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल उघडलं तर आमच्या नावाखाली जपानी लिपीतली हजारो पानं. वापरकर्त्यांच्या यादीत एक अनोळखी ॲडमिन, म्हणजे साइटवर सगळे अधिकार असलेला. आणि आमचा पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि पुढे १२३. तोच ईमेलला, तोच होस्टिंगला, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या कंपनीच्या खात्याला, तोच कुरिअरच्या पोर्टलला.

साफसफाईला अकरा दिवस गेले. त्यानंतर मी दोन गोष्टी घेतल्या : घरातल्या पाच जणांसाठी पासवर्ड मॅनेजरची, म्हणजे एका मुख्य पासवर्डनं उघडणाऱ्या तिजोरीत बाकीचे सगळे पासवर्ड ठेवणाऱ्या ॲपची, वर्षाची वर्गणी आणि दोन सुरक्षा चाव्या. त्यांचा हा आठ महिन्यांचा अनुभव. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की सगळी चर्चा नावावर जाते, आणि मी लिहिणार आहे ते कुठल्याही चांगल्या पासवर्ड मॅनेजरला लागू आहे.

पहिले तीन आठवडे त्रासाचे होते, हे आधी सांगते. घरातली सगळी खाती मोजली तर १४३ निघाली. त्यातल्या ६१ खात्यांना एकच पासवर्ड. रोज रात्री दुकान बंद झालं की पाच-सात बदलायचे, असं करत गेले. सुरुवात ईमेलपासून केली आणि तेच बरोबर ठरलं. बाकी सगळ्या खात्यांचा पासवर्ड ईमेलवरूनच नव्यानं मिळवता येतो, त्यामुळे ईमेल गेला की सगळं गेलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट. पासवर्ड लक्षात ठेवावे लागू नयेत म्हणून मी हे ॲप घेतलं होतं. त्याचं खरं काम वेगळंच निघालं. ते चुकीच्या जागी गप्प बसतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुकानात बेदाण्याच्या भेटपाकिटांची रीघ लागली होती. एका हातात चिकटपट्टी, दुसऱ्या हातात फोन. ईमेल आला की तुमच्या डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, मुदत आज रात्री बारा वाजता संपतेय, नूतनीकरण करा. डोमेन गेलं तर दिवाळीतच साइट बंद, म्हणून मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून लिंक दाबली. होस्टिंग कंपनीचं तेच पान, तेच बोधचिन्ह, तोच निळा रंग. एरवी त्या चौकटीत बोट ठेवलं की ॲप आपण होऊन पासवर्ड पुढे करतं. त्या दिवशी काहीच आलं नाही. मला वाटलं ॲप अडकलं असेल. बंद करून परत उघडलं, तरी तेच. चिडून मी ॲपच्या तिजोरीत गेले, होस्टिंगची नोंद शोधली आणि पासवर्ड कॉपी केला. चिकटवणार, तेवढ्यात वरच्या पत्त्याकडे नजर गेली. कंपनीचं नाव, मग आडवी रेघ, मग आणखी एक शब्द, आणि शेवट भलताच.

पान बंद केलं. खरा पत्ता स्वतः टाकून पाहिलं तर आमच्या डोमेनची मुदत संपायला अजून बरेच महिने होते.

आपला डोळा पान बघतो, ॲप पत्ता बघतं. पान हुबेहूब करता येतं, पण दुसऱ्याच्या मालकीचा पत्ता ठगाला वापरता येत नाही. त्यातून, त्या घाईत मला आधीसारखा पासवर्ड तोंडपाठ असता तर मी तो टाकून मोकळी झाले असते. आता माझे पासवर्ड बावीस अक्षरांचे, कशाचा कशाला मेळ नसलेले. मलाच माहीत नसलेली गोष्ट माझ्याकडून कोणी काढून कसं घेणार? कॉपी करण्याची वाट मात्र उघडी राहते. म्हणून त्या दिवसापासून घरात नियम केला : ॲपनं स्वतःहून भरलं नाही तर हातानं कॉपी करायचं नाही, आधी कारण शोधायचं.

हा नियम लगेचच कसाला लागला. त्याच सुमारास बँकेच्या साइटवर ॲप असंच गप्प बसलं. या वेळी फसवणूक नव्हती. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं आणि आमच्या बँकेचा पत्ता बदलला होता. नव्या पत्त्याची नोंद तिजोरीत नाही, म्हणून भरलं नाही. मी विश्रामबागच्या शाखेत जाऊन विचारलं, खात्री केली, मगच नोंद बदलली. अर्धी सकाळ गेली, पण पत्त्याचा हा नवा शेवट आपल्या फायद्याचा आहे. तो फक्त बँकांनाच मिळतो. घरातल्या मोठ्यांना तेवढं एक बघायला शिकवता येतं.

त्रुटी आहेत. काही बँकांच्या पानांवर पासवर्ड चिकटवूच देत नाहीत, तिथे ती बावीस अक्षरं एकेक करून टाकावी लागतात. लांब पासवर्ड वापरणाऱ्यालाच शिक्षा व्हावी, हे मला अजिबात पटत नाही. फोनवरच्या काही ॲपमध्ये भरण्याची पट्टी कधी येते, कधी येत नाही. यूपीआयचा पिन मी यात ठेवतच नाही, तो डोक्यातच. दुकानातल्या पोराला फक्त कुरिअरचं आणि साइटवरच्या ऑर्डरींचं खातं वाटून दिलंय. हे वाटून देणं मात्र फार सोयीचं. आधी पासवर्ड गल्ल्याजवळच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला असायचा.

सगळी अंडी एका टोपलीत का, असं ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. प्रश्न रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीतून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या होत्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण चोरांच्या हातात प्रत आली की ते आपल्या सवडीनं मुख्य पासवर्ड ओळखत बसू शकतात. मुख्य पासवर्ड लहान असेल तर तो आज ना उद्या फुटणार. म्हणून आमचा मुख्य पासवर्ड सहा मराठी शब्दांचा आहे, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले, पुस्तक उघडून बोट पडेल तो शब्द घेऊन केलेले. म्हण नाही, अभंगाची ओळ नाही, मुलांची नावं नाहीत. तो कागदावर लिहून पाकिटात घालून मिरजेला आईच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवलाय. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा दुकानातल्या खतावण्यांचा लगदा झाला होता. महत्त्वाचा कागद तळमजल्यावर ठेवायचा नाही आणि एकाच गावात ठेवायचा नाही, हे सांगलीकराला कुणी शिकवायची गरज नाही. साइटची रोजची प्रतही आता होस्टिंगवर न राहता दुसऱ्याच ठिकाणी जाते.

सुरक्षा चावी म्हणजे पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू. लॅपटॉपला लावायची नाहीतर फोनच्या पाठीला टेकवायची. मेसेजवर येणारा ओटीपी आपण भोळेपणानं ठगाला सांगू शकतो, नकली पानात टाकू शकतो. चावी ज्या पत्त्यासाठी नोंदवली त्याच पत्त्याला उत्तर देते, त्यामुळे नकली पानाच्या हाती काही लागत नाही. दोन चाव्यांना मिळून साडेसहा हजार गेले. ईमेलला आणि साइटच्या ॲडमिनला ती लावलीय. आमच्या कुठल्याही बँकेत चालत नाही, ही मोठी उणीव. एकच घेऊ नका. फेब्रुवारीत मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेले आणि किल्ल्यांचा जुडगाच तिथे राहिला. तो संध्याकाळी मिळाला, पण मिळाला नसता तरी दुसरी चावी घरी होती, म्हणून रात्रीच्या ऑर्डरी अडल्या नसत्या.

आता, यांपैकी काहीच जिथे उपयोगी पडलं नाही तो प्रसंग. डिसेंबरात अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच माणसाच्या नंबरावरून 'गाडीचं चलन' आलं. फाइल एपीके होती, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी. त्या माणसाचं व्हॉट्सॲप आधीच ठगांच्या हाती गेलं होतं. अण्णांनी ती उघडली, फोननं इशारा दिला, तरी पुढे जाऊ दिलं, मेसेज वाचायची परवानगीही दिली. मग पडद्यावर काहीच दिसेना, तेव्हा हाक मारली, "सूनबाई, जरा बघ गं, काय आलंय ह्ये?"

अशा ॲपला मेसेज वाचता आले की बँकेचा ओटीपी आपल्या आधी ठगाला दिसतो. मी त्यांचा फोन विमान मोडवर टाकला आणि वायफायही बंद केलं. माझ्या फोनवरून बँकेत कळवून त्यांचं खातं आणि यूपीआय थांबवलं. मग ते ॲप काढलं, व्हॉट्सॲपला जोडलेली उपकरणं तपासली आणि शेवटी फोन पूर्ण पुसून नव्यानं लावला. पैसे गेले नाहीत. गेले असते तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, करायचा हे भिंतीवर लिहून ठेवलंय, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि लवकर कळवलं तरच ते वाटेत अडवता येतात. अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला, ज्यानं आयुष्यभर शब्दावर व्यवहार केला, ओळखीच्या नंबरावर विश्वास ठेवल्याची लाज वाटावी? लाज वाटायची तर ती पाठवणाऱ्याला वाटावी. त्यांनी लगेच हाक मारली म्हणूनच खातं वाचलं, हे मी त्यांना पुन्हापुन्हा सांगितलं.

साइटचं थोडक्यात. तेवीस प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेले जादा कामांचे छोटे प्रोग्रॅम, होते, नऊ ठेवले. आपोआप अपडेट चालू केलं. एकदा त्यापायी दुपारभर ऑर्डर घेता आली नाही, तरी मी ते बंद करणार नाही. जुन्या प्लगइनमधली भोकं शोधत यंत्रं रात्रंदिवस फिरत असतात. नोंदी पाहिल्या तर एका रात्रीत ४१२ वेळा कुणीतरी 'ॲडमिन' नावानं आत यायचा प्रयत्न केलेला. आमच्यावर कुणाचा राग नाही. ती यंत्रं प्रत्येक दार ढकलून बघतात. आम्ही त्या नावाचं खातंच ठेवलेलं नाही.

वर्गणी ऑगस्टात संपतेय, ती भरणार आहे. आईलाही सहावी जागा घेऊन द्यायचीय. नाशिकच्या बाईंना मी नंतर फोन करून माफी मागितली आणि चूक आमचीच होती हे सांगितलं. त्यांनी दोन किलो हळद मागवली.

परवा संध्याकाळी अण्णा फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. वीजबिलाचं पान उघडलं होतं, चौकट रिकामी. "ह्यो आज भरंना झालाय. म्हणून मी काय दाबलं न्हाई," म्हणाले. मी हात पुसून पत्ता बघितला. पान खरंच होतं, फक्त त्यांच्या तिजोरीला कुलूप लागलं होतं. त्यांनी आपला मुख्य पासवर्ड टाकला, चौकट भरली आणि ते बिल भरायला बाहेर जाऊन बसले.