भिंतीवरचे उंचीचे तक्ते: कोणता घ्यावा, कसा लावावा, आकडा कसा वाचावा

मुलांच्या खोलीत लावायचे उंचीचे तक्ते सध्या चार प्रकारांत मिळतात: जिराफ, झाडं, रॉकेट अशी चित्रं असलेला व्हिनाईलचा स्टिकर, खाली-वर लाकडी दांडी असलेली कापडी किंवा कॅनव्हासची गुंडाळी, लाकडी किंवा लॅमिनेटची पट्टी, आणि तुकडे जोडून उभा करायचा, सरकत्या डोकेपट्टीचा (डोक्यावर टेकवायच्या आडव्या फळीचा) पोर्टेबल स्टेडिओमीटर, म्हणजे दवाखान्यात असतो तसा उंचीमापक. शिवाय डोक्यावर धरून बटण दाबायची अल्ट्रासोनिक यंत्रंही आहेत. चित्र गोड आहे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. इथे परीक्षण आहे ते एकाच कसोटीवर: या साधनावर घेतलेली नोंद सहा महिन्यांनी घेतलेल्या नोंदीशी ताडून पाहता येते का? मूल आज किती उंच आहे यापेक्षा ते कोणत्या वेगानं वाढतंय हे कळणं महत्त्वाचं, आणि वेग काढायचा तर दोन्ही आकडे भरवशाचे हवेत.

व्हिनाईल स्टिकर या कसोटीवर बहुतेक वेळा नापास होतो. त्यात दोष छपाईचा कमी आणि लावण्याचा जास्त. हे स्टिकर शून्यापासून सुरू होत नाहीत; कुठे ५०, कुठे ६०, तर कुठे ७० सेंटिमीटरपासून आकडे असतात, आणि खालची कड जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर यावी लागते. चिकटवणारा ते अंतर स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या पट्टीच्या) वरून मोजतो किंवा अंदाजानं धरतो आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक नोंद दोन-तीन सेंटिमीटरनं चुकते. सगळ्या नोंदी सारख्याच चुकल्या तर वाढीचा वेग तरी बरोबर निघतो, हे खरं. पण घर बदललं, स्टिकर नव्यानं लावला, की तेही जातं. दुसरी अडचण ताणाची. मागचा कागद एका झटक्यात ओढून काढला की पातळ व्हिनाईल लांबतं. वरून सुरुवात करून एका वेळी वीतभर कागद सोलायचा आणि कोरड्या फडक्यानं दाबत खाली यायचं. लावून झाल्यावर स्टीलच्या टेपनं १०० आणि १५० या खुणा जमिनीपासून मोजून पाहायच्या. दोन्ही खुणा सारख्याच फरकानं चुकत असतील तर स्टिकर वर किंवा खाली लागलाय. दोन्ही खुणांचा फरक वेगवेगळा असेल तर तो ताणला गेलाय, आणि तो पुन्हा आखूड होत नाही.

कापडी गुंडाळी दिसायला सगळ्यांत सुंदर आणि मोजायला सगळ्यांत वाईट. ती खिळ्यावर लटकते, हलते, खालची दांडी भिंतीपासून पुढे येते आणि मुलाच्या टाचा तिला अडतात. घ्यायचीच असेल तर वर-खाली दोन्हीकडे स्क्रूनं पक्की करावी. पण मग पट्टीच का घेऊ नये?

लाकडी किंवा लॅमिनेटची पट्टी हा घरासाठी आमचा कौल. ती ताणली जात नाही, तिच्यावर पेन्सिलनं लिहिता येतं आणि घर बदलताना ती काढून नेता येते. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. आकडे सेंटिमीटरमध्ये हवेत आणि प्रत्येक मिलिमीटरची रेघ हवी. फक्त इंच असतील तर नको, कारण डॉक्टरांकडचे सगळे तक्ते सेंटिमीटरचे असतात. पट्टी दोन-तीन तुकड्यांची असेल तर सांध्यावर फट राहते का ते टेप लावून बघावं. आणि ती किमान १९० सेंटिमीटरपर्यंत जायला हवी. बाजारातल्या बऱ्याच पट्ट्या १५० किंवा १६० ला संपतात, म्हणजे वयात येताना मुलाच्या वाढीला जोर चढतो नेमकी तेव्हाच पट्टी आखूड पडते. स्कर्टिंग असेल तर पट्टीमागे तेवढ्याच जाडीची फळी द्यावी. नाहीतर टाचा पुढे राहतात, पाठ मागे जाते आणि मूल तिरकं उभं राहतं.

पट्टीबरोबर डोकेपट्टी बहुधा मिळत नाही, आणि खरी चूक तिथेच होते. डोक्यावर पेन्सिल आडवी धरून खूण करण्याची घरोघरी चालणारी पद्धत बाद समजावी. पेन्सिल किंचित कलली तरी खूण एखाद्या सेंटिमीटरनं हलते. काटकोन असलेली कोणतीही टणक वस्तू चालते: सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक. एक कड भिंतीला पूर्ण टेकवून ती खाली सरकवायची, केस दबेपर्यंत. अंबाडा, वेणी, हेअरबँड आधी काढायचं. बूट-मोजे नकोत. टाचा, कुल्ले, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लागावी. गुबगुबीत मुलात चारही ठिकाणं एकदम टेकत नाहीत, तेव्हा टाचा आणि कुल्ले टेकले तरी पुरे. नजर समोर, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत. हनुवटी वर गेली की उंची कमी भरते, आणि मुलं उंच दिसायच्या हौसेनं हनुवटीच वर करतात. एका मोठ्यानं टाचांकडे लक्ष ठेवावं, दुसऱ्यानं वाचावं. मुलाला बाजूला करून पुन्हा उभं करायचं, असं तीनदा, आणि मधला आकडा लिहायचा.

वेळही ठरलेली हवी. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळची उंची संध्याकाळपर्यंत अर्धा ते एक सेंटिमीटर घटते. रविवारी सकाळी एकदा आणि बुधवारी रात्री एकदा मोजून मूल ‘खुंटलं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता किती दिवसांनी मोजायचं? तक्त्यासोबत येणारी ‘दर महिन्याला नोंदवा’ ही सूचना सरळ दुर्लक्षित करावी. पाच वर्षांच्या पुढचं मूल वयात येईपर्यंत वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं, म्हणजे महिन्याला अर्धा सेंटिमीटर. घरच्या मोजणीतली चूकही तेवढीच असते. तीन महिन्यांच्या अंतरानं घेतलेल्या दोन नोंदींत मिळून अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली आणि त्यावरून वार्षिक वेग काढला, तर चूक चौपट होऊन २ सेंटिमीटर होते. मग ठणठणीत मूल वर्षाला ३.५ नं वाढतंय असं दिसतं आणि घरात घबराट. सहा महिन्यांचं अंतर ठेवावं, आणि वेगाबद्दल काही म्हणायचं असेल तर वर्षाचं.

दोन वर्षांखालच्या बाळासाठी यांपैकी कोणताही तक्ता उपयोगाचा नाही, पाकिटावर ‘० ते १० वर्षं’ छापलेलं असलं तरी. या वयात बाळाची लांबी आडवं झोपवून मोजतात: डोकं स्थिर फळीला टेकलेलं, एकानं ते धरलेलं, दुसऱ्यानं गुडघे हलके दाबून सरकती फळी तळव्यांपर्यंत आणलेली. झोपून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटर जास्त भरते. दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास पद्धत बदलली की आलेख किंचित खाली येतो तो यामुळेच. बाळासाठी मिळणाऱ्या आकडे छापलेल्या मऊ चटया मात्र घेऊ नयेत. त्या सुरकुततात आणि बाळ पाय दुमडतं.

या पहिल्या टप्प्यातला वेग पुढे कधीच येत नाही. गर्भ पोटात असतानाच शून्यापासून अर्ध्या मीटरपर्यंत पोचतो, तेही नऊ महिन्यांत. पहिल्या वर्षात आणखी सुमारे २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात १० ते १२. जन्माच्या वेळची लांबी मोठ्या प्रमाणात आईच्या गर्भाशयातल्या परिस्थितीवर ठरते. आनुवंशिक उंचीकडे मूल जन्मानंतर वळतं. म्हणून पहिल्या दोन वर्षांत बाळ एका पर्सेंटाइल रेषेवरून (वाढीच्या आलेखावरची, त्याच वयाच्या शंभर मुलांत उंचीनं कितवा क्रम हे दाखवणारी रेषा) दुसरीवर गेलं तर पुष्कळदा त्यात काही वावगं नसतं. तीन वर्षांनंतर ते आपल्या रेषेच्या आसपास राहायला हवं. तिथे रेषा ओलांडली जात असेल तर दाखवून यावं.

काही तक्त्यांवर बाजूला ‘या वयाला इतकी उंची’ असे आकडे छापलेले असतात. ही त्यांची सर्वांत त्रासदायक सुधारणा. एकच आकडा छापला की अर्धी मुलं आपोआप त्याखाली येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांप्रमाणे (ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांवरून ती केली आहेत) पाच वर्षांच्या मुलग्याची मध्यक उंची (निम्मी मुलं हिच्या वर, निम्मी खाली) ११० सेंटिमीटर आहे. पण दोन प्रमाण विचलनांची मर्यादा धरली (म्हणजे शंभरातली सुमारे ९५ मुलं मावतील इतकी) तर १००.७ ते ११९.२ हा सगळा पट्टा सामान्यात मोडतो. साडेअठरा सेंटिमीटरचा पट्टा! छापलेल्या आकड्यांवर कागदी पट्टी चिकटवून टाकावी. वजनाचे रकाने असतील तर दहा वर्षांनंतर त्यांकडे पाहूच नये: उंची झपाट्यानं वाढत असताना वयानुसार वजन पाहिलं तर उंच मूल उगाच लठ्ठ ठरतं. म्हणूनच त्या संघटनेचा वयानुसार वजनाचा तक्ता दहाव्या वर्षी थांबतो आणि पुढे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा) वापरतात.

अंतिम उंचीचं सूत्र काही उत्पादक मागच्या बाजूला देतात. आईवडिलांच्या उंचीची बेरीज, मुलग्यासाठी अधिक १३, मुलीसाठी उणे १३, आणि निम्मं. सूत्र बरोबर आहे, पण उत्तराच्या दोन्ही बाजूंना सुमारे ८.५ सेंटिमीटरची मोकळीक असते, आणि ती ओळ छापायला कोणाला सुचत नाही.

तक्ता कुठे लावायचा यावर कोणी बोलत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ‘उंच म्हणजे वयानं मोठा’ असं समीकरण असतं. धाकटी बहीण आपल्याला गाठेल या भीतीनं ते खरोखर रडतं, आणि तोपर्यंत तक्ता हा खेळच असतो. वयात येताना तसं राहत नाही. मुलींची झेप आधी येते, बाराव्या वर्षाच्या आसपास वर्षाला ८ सेंटिमीटरपर्यंत. मुलग्यांची सुमारे दोन वर्षं उशिरा, ९ ते १० पर्यंत. एकाच वर्गातल्या दोन मुलांत त्या काळात वीतभर फरक पडतो आणि दोघंही निरोगी असतात. उशिरा वाढणाऱ्या मुलग्याला आणि लवकर वाढलेल्या मुलीला पाहुण्यांसमोर दिवाणखान्यातल्या पट्टीला पाठ लावायला सांगणं हा छळ आहे. पट्टी खोलीच्या दारामागे हवी, भावंडांच्या नोंदी वेगळ्या वह्यांत, आणि दहा-अकराच्या पुढे मोजायचं की नाही हे मुलालाच विचारावं. झेपेची चाहूल तशीही पट्टीवर आधी लागत नाही. हाता-पायांचे पंजे आधी वाढतात, मग तंगड्या, शेवटी धड. बूट एकदम दोन आकड्यांनी लहान झाले की समजावं.

पट्टीवरची नोंद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे कधी जावं? चार वर्षांनंतर आणि वयात येण्याआधी वर्षाला ४ सेंटिमीटरहून कमी वाढ झाली तर. मुलीत आठव्या, मुलग्यात नवव्या वर्षाआधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर, कारण असं मूल आज वर्गात सर्वांत उंच दिसतं, पण हाडांची टोकं लवकर जुळून शेवटी ठेंगणं राहू शकतं. आणि मुलीत तेरा, मुलग्यात चौदा वर्षांपर्यंत कोणतीच खूण नसेल तर. जाताना पट्टीचा फोटो नको, तारखांसकट आकडे न्यावेत.

उरले दोन प्रकार. पोर्टेबल स्टेडिओमीटर अचूक आहे, पण तो शाळेनं किंवा दवाखान्यानं घ्यावा. त्याच्या नळ्यांचा प्रत्येक सांधा पूर्ण बसला नाही तर दोन-तीन मिलिमीटर वाढतात, आणि गालिच्यावर तळफळी डुगडुगते. अल्ट्रासोनिक यंत्र मात्र कोणीच घेऊ नये: ते डोक्यावर जरा तिरकं बसलं की ध्वनीलहर तिरकी जाते, आणि पडद्यावर दशांशापर्यंत दिसणारा आकडा बघून त्यावर संशय घ्यायचंही कोणाला सुचत नाही.